समुद्राला पाणी आलं

सुट्टीला समुद्रावर जायचं हे माझ्या डोक्यातलं खूळ नव्हे. ऐन उन्हात सोलापूर सोडायचं आणि घामाच्या धारा गाळायला कोकणात जायचं, याला आमच्याकडे शहाणपण म्हणत नाहीत. पण सून म्हणाली, नवीन काही बघितलं की मुलं बोलायला लागतात म्हणे. मग मीच आधी बॅग भरली. कारण आमची नात अडीच वर्षांची झाली होती आणि अजून एक शब्द बोलत नव्हती.

कान तपासून झाले, ते ठणठणीत. हाक मारली की येते, सांगितलेलं सगळं कळतं, हवं ते बोट दाखवून मागते. नाही मिळालं तर असा सूर लावते की अख्खी गल्ली विचारायला येते, काय झालं हो पोरीला? पण आई नाही, बाबा नाही, काही नाही. नुसती मिठाची गुळणी धरून बसलेली. तिला बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, घरात कुठली भाषा बोलता? आता काय सांगणार कपाळ! आमचं घर तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं, सून लातूरची, तिची मराठी, आणि शेजारी दखनी बोलणारं कुटुंब, त्यांच्या अंगणात पोरगी अर्धा दिवस पडलेली. बाई म्हणाल्या, तूर्त एकच भाषा ठेवून बघू. घरी आल्यावर सुनेनं माझा हात धरून सांगितलं, की थोडे दिवस मीही नातीशी फक्त मराठीतच बोलावं.

मी जन्मभर महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं. मला मराठीचं कसलं भय? पण शिकवणं वेगळं आणि लाड करणं वेगळं. मांडीवर घेऊन डोक्याला तेल लावताना तोंडातून जे येतं ते माझ्या आईकडून आलेलं, ते तेलुगूच. ते गिळून "ये बाळा, तेल लावू या" म्हणायचं म्हणजे हजेरी घेतल्यासारखं वाटायचं. तरी पाळलं मी, महिनोन् महिने. पोर बोलल्याशी कारण. पण आतून लई दुखायचं. वाटायचं, ही बोलायला लागेल, पण माझ्या बोलीतलं हिला काही उरणार नाही.

तर असे आम्ही चौघं, मुलगा, सून, नात आणि मी, त्या रिसॉर्टवर पोचलो. नारळाच्या झाडांत बांधलेल्या खोल्या आणि मधोमध एक निळी टाकी. तिला स्विमिंग पूल म्हणतात हे मलाही कळतं, पण एवढं पाणी उघड्यावर भरून ठेवलेलं बघून सोलापूरच्या माणसाला झाकण शोधावंसं वाटतंच की. मुलाचं आणखी वेगळं. त्याचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना. खोलीत शिरल्या शिरल्या त्यानं बाथरूममधला टॉवेल उलटा केला, काठ बघितला, बोटांनी चोळला, आणि हा आपल्याकडचा नाही असं तोंड पाडून जाहीर केलं. सून म्हणाली, सुट्टीवर आलाय ना तुम्ही, मग टॉवेलनं अंग पुसा. मला हसू आवरेना.

नाश्त्याला टेबलभर पदार्थ मांडले होते. नातीनं त्यातलं फक्त कलिंगड खाल्लं आणि हात माझ्या साडीला पुसले. मग आम्ही खाली वाळूत गेलो. सुनेनं हौसेनं प्लास्टिकची बादली आणि फावडं आणलं होतं, किल्ला करायला. मुलगा आणि सून दोघं गुडघ्यावर बसून बुरूज रचायला लागले. नातीनं त्या किल्ल्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. लाट आली की पळत जायची, बादली बुडवायची, आणून आमच्या चटईशेजारी ठेवायची. बादली भरली. मग नारळाची करवंटी भरली, तीही नीट बादलीशेजारी. मग बापाची टोपी. मग माझी चप्पल. तोंडावर नुसती घाई.

मुलगा हसत म्हणाला, ही काय करतेय? मला मात्र कळलं. पोरगी पाणी भरत होती. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घरातलं एक भांडं रिकामं राहत नाही, हंडे, बादल्या, पातेली, अगदी दुधाचं कॅनसुद्धा. जन्मल्यापासून तिनं हेच बघितलं. हे पाणी उद्याही इथंच असणार आहे, हे तिला कुणी सांगावं?

तेवढ्यात एक मोठी लाट आली. नात कमरेवर हात ठेवून आमच्याकडे वळली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "नीळ्ळु वच्चिनय!"

पाणी आलं. पण तेलुगूत, आणि हेल सगळा माझा. नळाला पाणी आलं की मी जिन्याखालून हेच ओरडते, वर मुलाला मोटर लावायला सांगायला. ते नातीशी बोलणं नव्हतं, म्हणून ते बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

खरं सांगते, मला आनंद नंतर झाला, आधी अपराधी वाटलं. एवढी वाट बघून पहिला शब्द, आणि तो नेमका बंद केलेल्या भाषेतला. सुनेला आईसुद्धा म्हणाली नव्हती ती अजून. मी सुनेकडे बघायला घाबरले. ती ओल्या वाळूत मटकन बसली होती आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. मुलगा तिच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि स्वतःही रडत होता. नात आम्हा तिघांना बघून वैतागली असावी. पाणी आलंय आणि एकही माणूस उठत नाही!

लाट परत गेली. सुनेनं पदरानं डोळे पुसले, माझ्याजवळ सरकली आणि पाणी गेलं याला तेलुगूत काय म्हणतात ते विचारलं. मी तिच्या कानात सांगितलं. ती नातीकडे वळली आणि ओल्या वाळूकडे बोट दाखवून म्हणाली, "नीळ्ळु पोईने."

नातीनं आईकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं.

"पोयिनय," ती म्हणाली.

मग मात्र माझा बांध फुटला. मी तिला उचललं आणि इतके महिने गिळलेलं सगळं तिच्या गालावर ओतलं, बंगारु तल्ली, म्हणजे माझी सोन्याची आई, तेल लावतानाचं, भरवतानाचं, निजवतानाचं, सगळं एका दमात. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. सूनही बघत होती. तिनं माझा दंड धरला.

"आई, जरा सावकाश," ती म्हणाली. "मलाही शिकू द्या."