द्वारकाबाईंचं विष

एक नोव्हेंबर एकोणीसशे छप्पनला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचं पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. त्या दिवशी आमच्या नाट्यमंडळाची तालीम होती. मंडळी येऊन बसली, पण कोणी वही उघडेना. द्वारकाबाई आल्या, दाराशी चपला काढल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "काहून जी, कोनी मेलं का? राज्य गेलं. जीभ त जाग्यावर हाय ना? करा सुरू."

द्वारकाबाई मूळच्या मोहगावच्या, संत्र्याची बाग असलेल्या शेतकरी घरातल्या. पांढुर्ण्याला कापडाच्या दुकानदाराकडे त्यांना दिलं होतं. त्यांच्याआधी आमच्याकडे बायकांची कामं पुरुषच करत. स्वातंत्र्यानंतर आमच्या रंगमंचावर पहिली बाई उभी राहिली ती ही. पण नायिका म्हणून नव्हे. छळणारी सासू, डाव टाकणारी सवत, घर फोडणारी जाऊ, अशीच कामं त्या मागून घेत. सोज्वळ भूमिका का करत नाही, असं मी एकदा विचारलं. सुपारी कातरता कातरता त्या म्हणाल्या, "चांगली बाई त मी दिवसभर असतेच ना, मास्तर. सासऱ्यापुढं, दुकानात, देवळात. त्याच्यासाठी तोंडाले रंग कायले लावू?"

मी शाळेत मराठी शिकवत असे आणि मंडळात विंगेत बसून नटांना विसरलेले शब्द देत असे. नागपूरला शिकून आल्यामुळे शुद्ध भाषेचा मला फार अभिमान होता. मुलांच्या वहीत 'करून राहिलो' दिसलं की मी ते खोडून 'करत आहे' लिहीत असे. नवी सीमा पडल्यावर हा माझा कटाक्ष आणखी वाढला. आता मराठीच्या घराबाहेर राहिलो आहोत, निदान आतल्यांसारखं बोलावं, असं मला वाटे.

त्या हिवाळ्यात नागपूरच्या एका स्पर्धेत आम्हाला प्रवेश मिळाला. नाटक मंडळातल्याच एकाने लिहिलेलं होतं. सावत्र आई मुलीला विष घातलेलं दूध देते, हा त्यातला कळीचा प्रसंग. वाक्य होतं, "पीत आहेस ना, बाळ?" द्वारकाबाई पहिल्या तालमीपासून म्हणत, "पिऊन राहिली का, माय?"

बसवायला नागपूरहून वसंतराव नावाचे दिग्दर्शक आले होते. त्यांनी हात वर करून तालीम थांबवली.

"बाई, आपल्या नाटकात असं फक्त नोकर बोलतो. लोकांनी हसावं म्हणून. तुम्हालाही हसतील."

"नोकर तुमी हसवाले ठेवला. मले कायले ठेवलं?"

"म्हणून तर सांगतोय, शुद्ध बोला."

"शुद्ध बोललं का ती पोरगी वहीत दूध पिते, साहेब. 'पिऊन राहिली' म्हटलं का माझ्या डोयापुढं पिऊन राहते. एकेक घोट खाली उतरताना दिसते मले. तो घोट नाही दिसला त मी इख देऊ कोनाले?"

"मग मला दुसरी बाई बघावी लागेल."

"पाहा ना. बिल्कुल पाहा."

वसंतरावांनी पाहिली. चार ठिकाणी विचारलं. नायिकेचं काम करायला दोघी तयार होत्या, पोरीला विष द्यायला एकही नाही. शेवटी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, त्या वाक्याशी बाई आल्या की तुम्ही विंगेतून शुद्ध वाक्य द्या. कानावर पडलं की ओठांवर येईल." मी हो म्हणालो. ते बरोबर आहे असंच मला वाटत होतं.

नागपूरला जाताना गाडीने नवी सीमा ओलांडली तसं कोणीतरी म्हणालं, "झालं, आता आपन परदेशात." सगळे हसले. द्वारकाबाई हसल्या नाहीत. खिडकीशी बसून त्या ओंजळीचा पेला करून पुढे धरत होत्या, मागे घेत होत्या.

प्रयोगाला सभागृह भरलं होतं. तो प्रसंग आला. द्वारकाबाईंनी मुलीच्या हातात पेला दिला आणि थांबल्या. इतक्या थांबल्या की मला वाटलं, विसरल्या. मी शब्द दिला, "पीत आहेस ना, बाळ?" माझा आवाज पहिल्या दोन रांगांपर्यंत गेला. खसखस पिकली. द्वारकाबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलीच्या कपाळावरची बट मागे सारून त्या म्हणाल्या, "पिऊन राहिली का, माय?"

आता मोठा हशा झाला. त्या मात्र हसू संपायची वाट पाहत उभ्या होत्या, एखादी आई पोराचं रडणं थांबायची वाट पाहते तशा. हसू विरलं. मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा हळू, आणि पेल्याच्या बुडाला बोट लावून तो किंचित वर उचलला. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मागून एक म्हातारा आवाज आला, "पिऊ नोको वो, पोरी!"

मुलीचं काम करणारी आमची शांता घाबरली. तिने पेला खरंच खाली ठेवला. नाटकात तसं नव्हतं. मी वहीत शोधायला लागलो, पण वहीत काही नव्हतंच. द्वारकाबाई तिच्याजवळ बसल्या आणि लाडाने म्हणाल्या, "थंडं होऊन राहिलं ना, बाई." शांताने पेला उचलला आणि प्यायली.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं होतं, मुख्य स्त्रीपात्राची भाषा अशुद्ध. मी तो द्वारकाबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "बरोबर लिहिलं. इख शुद्ध कुठं असते?"

परतीच्या गाडीत मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मी शब्द विसरली नवती, मास्तर. मी तिच्या पिन्याची वाट पाहून राहिली होती. तुमाले माझी बोली नाही, माझं थांबनं समजलं नाही. बोलीची लाज तुमाले होती. मले नवती."

पुढे गावात गंमत झाली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्यांच्याकडचं दूध हातात घेऊन घुटमळू लागल्या. जाऊबाई चिडल्या, घराण्याचं नाव खराब होतं म्हणाल्या. द्वारकाबाई खुशीत मला सांगत, "हात थांबते त्यांचा. पहा तुमी. पेला तोंडाशी नेते आन् थांबते." नाटकातल्या त्या दुष्ट बाईच्या मनात काय चालतं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काही नाही चालत. वाईट बाई सोताले वाईट म्हनत नाही, ती आपलं काम करून राहिली असते. म्हनून त भेव वाटते."

पुढची दहा-बारा वर्षं त्यांनी सौंसर, मोहगाव, बोरगाव इथे कामं केली. कचेऱ्यांचे अर्ज हिंदीत गेले, पाट्या हिंदीत गेल्या. त्यांची वाईट बाई मात्र कोणत्याही नाटकात पांढुर्ण्याचीच राहिली. त्या अवधीत मीही मुलांच्या वह्यांतलं 'राहिलो' खोडणं सोडलं. त्याबद्दल मुख्याध्यापकांनी एकदा मला लेखी विचारलं. मी लेखी उत्तर दिलं.

यंदा वैशाखात द्वारकाबाई गेल्या. मंडळ कधीच बंद पडलं आहे. त्यांचा रंग लावलेला एकही फोटो नाही. आवाज कोणी घेऊन ठेवला नाही. त्यांना रंगमंचावर पाहिलेले पांढुर्ण्यात आता आम्ही चौघे आहोत.