हडपसरच्या रस्त्यावरचा नेम

दोन हजार सालच्या सुमारास आमच्या पलटणीची स्कीइंग टीम सरावासाठी पुण्यात आली. बर्फावर धावणारी माणसं, आणि ऐन मे महिन्यात पुण्यात! मी हवालदार कांबळे, टीमचा रायफल उस्ताद. माझं घर हडपसरला, त्यामुळे या हुकमावर हसणाऱ्यांत मी नव्हतो.

खेळ असा. पायाला स्की, पाठीवर रायफल. बर्फाचे चढउतार तुडवत यायचं, छाती भात्यासारखी चालत असताना थांबायचं आणि पन्नास मीटरवरच्या पाच काळ्या वर्तुळांवर नेम धरायचा. उभ्याने मारायचं वर्तुळ जेमतेम बशीएवढं. गोळी लागली की काळ्याचं पांढरं होतं. हुकली की दर गोळीमागे एक जादा फेरी. मीही आयुष्यभर नेम धरला, पण निवांत, चहा पिऊन झाल्यावर. धाप लागलेली असताना नेम धरणाऱ्यांना मी आजही मनापासून मानतो.

आमचा नाईक त्सेरिंग लडाखचा. स्कीवर त्याला तोड नव्हती. शेवटची गोळी मात्र हमखास हुकायची. मेजरसाहेबांनी त्याला स्पष्ट बजावलं होतं, "इस बार चूका, तो टीम से बाहर." त्याला या खेळापलीकडे दुसरं काही सुचत नसे. त्याच्यापेक्षा मलाच जास्त काळजी लागली.

हडपसरला तेव्हा आयटी पार्कचं बांधकाम चालू होतं. इमारती अर्ध्याच होत्या, पण समोरचा नवा डांबरी रस्ता गुळगुळीत आणि रविवारी अगदी मोकळा. त्सेरिंग चाकांच्या स्की बांधून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन तिथे सुटायचा. फिरायला आलेले एक आजोबा थांबून बघत राहिले.

"अहो, काठ्या दिसतायत. म्हशी कुठे सोडल्या आपण?"

"पुढे गेल्यात," मी म्हणालो. "हा आणायलाच निघालाय."

रस्त्यावर रायफल काढता येत नाही. म्हणून मी शेवटच्या टोकाला सुई-दोरा घेऊन उभा राहायचो. त्सेरिंगने सुसाट यायचं आणि धापा टाकत सुई ओवायची. सुया माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या. ती घरी ब्लाउज शिवायची. पहिल्याच रविवारी दोन सुया हरवल्या.

"देशाचं रक्षण करा हो, पण माझ्या सुया सोडून," ती म्हणाली आणि पुढच्या रविवारी स्वतःच राखणीला आली. थोडा वेळ तिने त्याची झटापट बघितली.

"भाऊजी, दोरा ओठाला लावा आधी. कोरडा दोरा जातोय होय?"

त्याने दोरा ओठांना लावला. क्षणभर श्वास थांबवला. दोरा आरपार.

"ओवली, वहिनी!" तो ओरडला. हे शब्द तिनेच शिकवले होते.

त्या हिवाळ्यात काश्मीरमध्ये स्पर्धा झाली. मी दुर्बिणीला डोळा लावून बसलो होतो. वॉकीटॉकीवर मेजरसाहेब.

"रिपोर्ट."

"चार डाउन, सर. एक बाकी."

"हवा?"

"तेज है, सर."

त्सेरिंगने रायफल खाली घेतली. मागचा गडी येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला, त्याने मारायला सुरुवातही केली. मार बाबा, मार, मी मनात ओरडत होतो. त्सेरिंगने मात्र दोन बोटं ओठांना लावली, अगदी दोरा ओला केल्यासारखी. मग रायफल उचलली.

काळ्याचं पांढरं झालं.

"ओवली!" तो ओरडला आणि निघाला.

"क्या बोला वो?" मेजरसाहेबांनी विचारलं.

"पाच डाउन, सर," मी म्हणालो आणि बर्फातच नाचलो. उस्तादाने नाचायचं नसतं, पण कोण ऐकतो! त्सेरिंगचा दुसरा नंबर आला आणि तो टीममध्ये राहिला.

दोन हिवाळ्यांनंतर त्याची तुकडी गस्तीवर असताना हिमकडा कोसळला. त्सेरिंग सगळ्यांच्या पुढे होता, वाट काढत. तो परत आला नाही. बातमी आली तेव्हा मी आणि सुनंदा दोघंही खूप रडलो.

आता आमची मुलगी त्याच आयटी पार्कमध्ये नोकरीला आहे. घरात केबल आहे. या खेळाची शर्यत लागली की सुनंदा शिलाई मशीन थांबवून टीव्हीसमोर येऊन बसते. खेळाडू कुठल्या का देशाचा असेना, शेवटच्या गोळीला तिची दोन बोटं ओठांवर जातात. वर्तुळ पांढरं झालं की ती हळूच म्हणते, "ओवली, भाऊजी."