‘बंद’ म्हणजे ‘थांबलं’ नव्हे

माणिकराव सरांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी चार शब्द लिहा, असा निरोप आला तेव्हापासून मला चैन नाही. लिहायला बसलो की शेजारच्या वर्कशॉपमध्ये करवतीचे मशीन बंद झाल्याचा आवाज येतो आणि मी उठून पाते बघून येतो. ही खोड सरांनीच लावली. तेव्हा लेखाला झालेल्या उशिराचा दोषही त्यांनीच घ्यावा.

सरांची पहिली ओळख बोलणी खाता खाताच झाली. तालुक्याच्या प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकवून ते निवृत्त झाले होते आणि अमडापूरला आमच्या वर्कशॉपमध्ये देव्हारा करायला सांगण्यासाठी आले होते. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, गोल करवतीचे बटण बंद केले आणि अजून फिरणाऱ्या पात्याला बाजूने लाकडाचा गुटका दाबून धरला.

“हे काय करून राह्यला बे?” सरांनी विचारले.

“ब्रेक लावून राह्यलो, सर.”

सर हसले नाहीत. देव्हारा राहिला बाजूला, त्यांनी आम्हा दोघांना फैलावर घेतले. बटण बंद केल्यावर दहा म्हणेपर्यंत पाते उभे राहिलेच पाहिजे, त्यासाठी मशीनलाच ब्रेक हवा, असे त्यांचे म्हणणे. दादा म्हणाला, “ते नियम मोठ्या कारखान्याचे, सर. आमच्या इथं तपासाले कोण येते?”

“मी येईन,” सर म्हणाले.

आणि ते खरेच येऊ लागले. चिखलीहून एसटीने येत, स्टुलावर बसत. दादा “बंद” म्हणाला की सर म्हणत, “बंद म्हणजे थांबलं नव्हे.” दादाचे डोके फिरे. “या सरायले दुसरं काम नाही काय?” असे तो माझ्याजवळ पुटपुटे, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटे.

एक दिवस वहिनी चहा घेऊन आल्या. दादाने नुकतेच मशीन बंद केले होते. मोटरचा आवाज गेला की फिरणारे पातेही उभे असल्यासारखे दिसते. चुलीसाठी पडलेले तुकडे उचलायला वहिनींनी हात पुढे केला.

“सूनबाई, हात!” सर ओरडले.

वहिनींनी हात मागे घेतला, तरी बांगडी पात्याला लागून फुटली. मनगटावर ओरखडा आला, हात वाचला. दादा भुशातच खाली बसला. सर त्याच्यावर रागावले नाहीत. जवळ जाऊन म्हणाले, “बटण दाबणाऱ्याले माहीत असते बापू, पातं फिरून राह्यलं म्हणून. चहा आणणारीले कोण सांगन?”

दुसऱ्याच दिवशी सर दादाबरोबर जाऊन ब्रेक असलेली मोटर घेऊन आले आणि ती मशीनला बसवून घेतली. ब्रेकच्या झटक्याने पात्याचा नट ढिला होऊ शकतो, तो रोज कसा बघायचा हेही त्यांनी शिकवले. मग ते सुलतानपूर, साखरखेर्ड्याच्या वर्कशॉपांकडे वळले. त्यांना लांबून पाहताच काही मिस्त्री “मशीन बिघडली” म्हणून सांगत. सर म्हणत, “मंग दुरुस्त होईपर्यंत बसतो.” आज त्याच मिस्त्रींना त्यांच्याविषयी बोलताना भरून येते.

आताच आवाज आला. बघून आलो, थांबलं होतं.

सरांची नजर अलीकडे अधू झाली आहे. पाते फिरते की उभे आहे, हे त्यांना ओळखू येत नाही. त्यांना ही गोष्ट फार लागली आहे, हे मला कळते. मागच्या खेपेला मी त्यांना हाताला धरून स्टँडवरून आणले. दादाने मशीन बंद केले. सर दारातच उभे राहिले.

“सूनबाई, तुम्ही सांगा.”

त्या प्रसंगानंतर वहिनी कितीतरी दिवस वर्कशॉपची पायरी चढल्या नव्हत्या. त्या पुढे आल्या, वाकल्या, पाते नीट पाहिले. “थांबलं, सर.”

तेव्हाच सरांनी आत पाऊल टाकले.

सर, ब्रेकही झिजतात, ते तपासायला माणूस लागतो. आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हे मी आमच्या सगळ्यांच्या गरजेपोटीच मागतो आहे. आपण येत राहा, दारात उभे राहून विचारत राहा. पाते थांबल्याचे वहिनी सांगतील. आणि चहाही त्याच देतील, दोन्ही हातांनी.