नियामत मुन्शींच्या वहीतला शब्द

अमरावतीच्या कचेरीत नियामत मुन्शींची फारसी ऐकायला लोक थांबत, असा एक काळ होता. आता विलायतेला वऱ्हाडच्या कापसाचं वेड लागलं होतं आणि कचेरीत इंग्रजीशिवाय पान हलत नव्हतं. कापूस तपासायला नवा साहेब आला, त्याला आपली बोली ओ की ठो कळत नव्हती. मुन्शींना निरोप आला, दोन महिन्यांत इंग्रजी शिका, नाही तर घरी बसा.

बावन्नाव्या वर्षी माणूस नवं काय शिकणार, कपाळ? पण घरात खाणारी सहा तोंडं. मुन्शी रोज एक शब्द वहीत लिहीत, समोर त्याचा उर्दू अर्थ. ‘फ्रॉड’पाशी मात्र गाडं अडलं. फरेब, धोका, मक्कारी, दगा असे चार अर्थ लिहिले तरी समाधान होईना. दग्यापुढे त्यांनी बारीक अक्षरात टिपून ठेवलं, याला आधी दोस्ती लागते. मग शब्द घोकून टाकला.

आठच दिवसांत भर बाजारात साहेबानं एक गाडी अडवली. गाडी नांदगावच्या खुशालरावांची. मुन्शींची बायको आजारी पडली तेव्हा याच माणसानं भरपावसात बैल जुंपून तिला अकोल्याच्या हकिमाकडे नेलं होतं. साहेबानं कापसात हात घातला, तर कापूस ओला. याला जाब विचार, अशी त्यानं मुन्शींना खूण केली.

“पानी मीच शिंपडलं, मुन्शीजी,” खुशालराव सरळ म्हणाले. “समदेच शिंपडतात. घेनाऱ्यालेबी ठाऊक हाय, तो तेवढं वजन आधीच कापते. यात लपवाचं काय? सांगा सायबाले.”

खोटं काहीच नव्हतं त्यात. सारा बाजार तसाच चालत होता. पण हे इंग्रजीत सांगायचं कसं? रिवाज, वजन, ठाऊक असणं, यातला एकही शब्द अजून वहीत आला नव्हता.

“फ्रॉड?” साहेबानं विचारलं.

हा शब्द येत होता. “यस सर, फ्रॉड,” मुन्शी म्हणून गेले. लाजेची गोष्ट खरी, पण शब्द वेळेवर आठवला याचं त्या क्षणी त्यांना बरंच वाटलं. साहेबानं खूश होऊन त्यांची पाठ थोपटली.

मग साहेबाच्या हुकमानं शिपायांनी गाडी रिकामी करून कापूस पेटवला. ओला कापूस धड जळेना, नुसता धुमसत राहिला. खुशालराव कासरे धरून बघत उभे होते. वर्षाचं पीक होतं ते. थोड्या वेळानं ते मुन्शींजवळ आले.

“मी म्हनलं ते समदं सांगतलं ना त्याले?”

खरं बोलायला आता इंग्रजी लागत नव्हती.

“सगळं सांगितलं, भाऊ,” मुन्शी म्हणाले. “ऐकतच नाही तो.”

“मंग तुमी तरी काय करसान? आमच्यासाठी बोलले, तेवढं पुष्कळ झालं.” खुशालरावांनी शिदोरी सोडली आणि अर्धी भाकर मुन्शींच्या हातावर ठेवली. “खा. सकाळपासून उभे आहा तुमी.”

मुन्शींनी घास तोंडात घातला. तो काही केल्या गिळवेना. खुशालराव पाण्याचा तांब्या पुढे करून उभे होते, आणि वहीतलं ते बारीक अक्षर मुन्शींच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.