सारवलेला काठ

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नाल्याचा काठ शेणानं सारवला. हसा खुशाल.

आमचं घर काटोल रोडच्या आत, नाल्याला लागून. काठ पुरुषभर उंच. वर-खाली काळा दगड, मध्ये हातभर पांढरट मातीचा थर, त्यात दगड झालेल्या गोगलगायी. बायको लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच मातीनं चूल पोतारायची. मग कॉलेजात दगडमातीचं शास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम हातोडी घेऊन आल्या. म्हणाल्या, हा नमुन्याचा काठ. दुसरीकडे असा थर सापडला तर तो हाच का, हे इथल्याशी ताडून ठरवतात.

"म्हणजे आपला काठ पायली हाय, बाकीचे याच्यानं मोजाचे," बायको म्हणाली. तेव्हापासून नाल्यात कोणी कचरा टाकला की ओरडायची, "काहून टाकून राहिला गा? शिकल्यासवरल्याची जागा हाय हे!"

एक दिवस मॅडमचा फोन आला. उद्या सकाळी नऊला कॉलेजची पोरं आणते, काठ स्वच्छ ठेवा. स्वच्छ म्हणजे काय, हे आम्हाला कोणी सांगायचं? शेजाऱ्याची म्हैस होतीच. मी शेण कालवलं, तिनं अंगणासारखा अख्खा काठ सारवला.

"अजी, वरचा कोपरा राहिला. हात पुरते तुमचा, काहून पाहून राहिले?"

"तुह्या माहेरचे येऊन राहिले काय वं?"

"माहेरचे आले तं चहावर भागते."

संध्याकाळी तिनं मोठ्या तोऱ्यात मॅडमला फोन लावला. काठ सारवल्याचं स्पीकरवर सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "आजी, थर दिसतो का?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी काठाकडे. कुठला थर! ती इतकी हसली की खालीच बसली. तिकडे मॅडमही हसायला लागल्या. पण पोरं लांबून येणार होती.

"सकाळी खरडून देतो आम्ही, शब्द हाय माहा," पदरानं डोळे पुसत ती म्हणाली.

सकाळी चहाला उठवली. उठली नाही. अंग गार होतं.

आमची पोरगी बुटीबोरीहून येईपर्यंत थांबायचं होतं. शेजारच्या बाया तिच्याजवळ बसल्या. मॅडमला येऊ नका म्हणता आलं असतं. पण शब्द तिनं दिला होता. मी खुरपं आणि बादली उचलली.

"बुढा येडा झाला काय?" एक बाई बोलली.

"झालो," म्हटलं.

शेणात तिच्या बोटांच्या कमानी वाळल्या होत्या. त्या भिजवल्या, खरडल्या. पांढरा थर उघडा पडला, गोगलगायींसकट. रस्त्यावर पोरांची बस थांबली. मी हात धुतले आणि घरात तिच्याजवळ जाऊन बसलो.