न भरणारा खड्डा

देवतळे साहेबांची आणि माझी खरी ओळख झाली, ती त्यांच्या बाटलीतलं पाणी मी पिऊन टाकलं त्या दुपारी. मे महिना, पांढुर्ण्याचं ऊन, आणि मी कापडाच्या दुकानातून घामाघूम होऊन घरी आलेलो. पुढची खोली आम्ही त्यांना नुकतीच भाड्याने दिली होती. तिथल्या टेबलावर काचेसारख्या स्वच्छ पाण्याच्या दोन बाटल्या दिसल्या. उजवीकडची उचलली आणि उभ्याउभ्याच घटाघटा रिकामी केली. तोंड पुसतोय तोच साहेब दारात.

"कोणत्या बाटलीतलं पेले?"

"ह्या. उजव्या."

"डावी स्टेशनामागच्या नाल्याची हाये, गाळून ठेवलेली," ते म्हणाले, आणि रिकामी केली ती उजवीच ना, हे मी पुन्हा तपासलं. "उजवी तुमच्या गल्लीतल्या विहिरीची."

"हात्तिच्या! मग काय, आमचंच पाणी. रोजचंच पितो."

"तेच म्हणून राहिलो," साहेब म्हणाले. इतकी किळस भरलेल्या नजरेने माझ्याकडे तोवर कोणी पाहिलं नव्हतं, आणि मी दुकानदार आहे, गिऱ्हाइकांच्या नजरा ओळखतो.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. साहेब मूळचे रामाकोन्याचे. पाण्याच्या सरकारी खात्यात जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास हे त्यांचं काम. तिगावपासून बोरगावपर्यंतच्या विहिरींत फीत सोडायची, पाणी किती खोल आहे ते बघायचं, बाटल्या भरायच्या. अंगाने काटकुळे, पण नाक असं की एवढ्या शरीराला ते कसं परवडतं, असा प्रश्न पडावा. कोणीही पाणी दिलं की ते पेला उजेडात धरत, हुंगत, आणि तसाच खाली ठेवत. स्वतःचं उकळलेलं पाणी थर्मासात घेऊन फिरत. सौसरच्या एका लग्नात वधूपित्याने हे पाहिलं आणि बिचारा धावत आला, "साहेब, पाण्यात काही पडलं काय?"

"पडलं असतं तर काढून फेकता आलं असतं," साहेब म्हणाले. "हे मुरलं हाये."

त्या पंगतीत पुढे माझ्या घशाखाली बुंदीही उतरेना.

नदीकाठी तर त्यांना नेऊच नये. वरच्या अंगाला बैल धुतले जात, मधल्या अंगाला लोक सकाळी डबा घेऊन बसत, खालच्या अंगाला बायका भांडी घासत. "सकाळी हिच्यात हागून राहिले, आणि संध्याकाळी हिचीच ओटी भरून राहिले," ते म्हणत. "नदीनं तोंड कुठं लपवावं सांगा?" मी हसायचो, कारण आमच्याकडे घरचा संडास होता.

तो संडास माझा अभिमान. इतरांचे खड्डे वर्षा-दोन वर्षांत तुंबत, मग उपसण्याची ती शिसारी. माझा कधी भरलाच नाही. खोदताना मुरूम संपून काळा पाषाण लागला होता, आणि त्याला अशी छान भेग होती की ओतलेलं पाणी गुडुप. खोदणाऱ्याला मी पेढे दिले होते. साहेबांनाही मी मोठ्या कौतुकाने मागच्या अंगणात नेलं. "कितीही ओता साहेब, भरतच नाही!"

"मंग जाते कुठं?"

"जमिनीत."

"जमिनीत कुठं?"

मी बोटाने खाली, साधारण पाताळाच्या दिशेने दाखवलं. साहेबांनी माझ्या बोटाकडे पाहिलं नाही. ते आमच्या कुंपणापलीकडे, उतारावरच्या विहिरीकडे बघत होते.

त्या विहिरीचं पाणी गोड. त्यात तुरीची डाळ लोण्यासारखी शिजायची, आणि डाळ शिजली म्हणजे पाणी चांगलं, ही आमच्या गल्लीची प्रयोगशाळा. शेजारचे बंडूजी तर पाहुण्यांना वरण वाढून विहिरीचा महिमा सांगत. "हलकं पाणी आणि साफ पाणी यात फरक हाये," हे साहेबांनी त्यांना किती वेळा समजावलं असेल. बंडूजींचं उत्तर ठरलेलं: "साहेब, तुमी कधी सैपाक केला काय?"

पण आमची लेक मनू दोन पावसाळे लागोपाठ काविळीने अंथरुणाला खिळली होती. आम्ही तिच्या गळ्यात काविळीची माळ बांधली, उसाचा रस पाजला, बाजारातल्या समोशांना शिव्या घातल्या. दुसऱ्या खेपेला तर पोर वाचते की नाही असं झालं होतं. तिसरा पावसाळा तोंडावर आला तेव्हा बायको साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली. "भाऊजी, ते कायच्यानं होऊन राहिलं तेवढं सांगा. मले माळ बांधायची नाही आता."

साहेबांकडे एक केशरी भुकटी होती. पाण्यात पडली की तिचा रंग पोपटी हिरवा होई. तिने अपाय काही नाही, पण जमिनीखालून पाणी कुठल्या वाटेने जातं ते कळतं. मी तत्परतेने बंडूजींचा शेणखड्डा सुचवला. आधी त्यातच रंग टाकला. आठवडाभर विहीर स्वच्छ. माझी छाती फुगली. मग बायको म्हणाली, "आता आपल्यात टाका." साहेबांनी भुकटी टाकली, वरून मी ऐटीत बादल्या ओतल्या. सगळं नेहमीसारखं गुडुप.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर किंकाळी उठली. बंडूजींच्या बायकोच्या बादलीत पोपटी पाणी. मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. मी दात घासत होतो. तांब्यातल्या पाण्याकडे पाहिलं, तर तेही किंचित हिरवं. चूळ तोंडातच होती. मी ओकलो. भडाभडा ओकलो. मग ते धुवायला बादली उचलली आणि लक्षात आलं, हीसुद्धा तिथलीच. पुन्हा ओकलो. इतकी वर्षं आम्ही काय पीत होतो, कशात वरण शिजवत होतो, देवाला कशाने अंघोळ घालत होतो, हे एकेक करून आठवत गेलं आणि पोटात काही उरलं नसतानाही मी ओकत राहिलो.

गल्ली चिडली, पण खड्ड्यावर नव्हे. "ह्या माणसानं विहीर बाटवली!" बंडूजी ओरडत होते. "आमच्या पाण्यात रंग कायले टाकला?"

साहेब शांतपणे म्हणाले, "त्यातला रंग तेवढा माहा. बाकी सारं तुमचं."

"कोणाचं? कोणाच्या घरून आलं ते?"

मी दाराआड होतो आणि तिथेच राहण्याचा माझा पक्का विचार होता. साहेबांनी आमचं नाव घेतलं नाही. बायकोच पुढे झाली. "आमच्या संडासातून आलं. आजच बुजवून टाकतो. तुमी सारे विहीर सोडा."

खड्डा बुजला. त्या वयात डबा घेऊन मी रेल्वेलाइनीकडे जाऊ लागलो. नवीन संडास साहेबांनी आखून दिला, उथळ, विहिरीपासून लांब. त्यांनीच खटपट करून वरच्या अंगाला हातपंप बसवून घेतला. पाणी निर्मळ, पण जड. त्यात डाळ शिजेना. आणि मग जे झालं त्याची शिसारी मला आजही येते. रंग ओसरला तशा बादल्या हळूहळू विहिरीत पुन्हा पडू लागल्या. भटजींनी गंगाजल सोडलं होतं, म्हणजे झालंच. बंडूजी मला म्हणाले, "भाऊ, तुमचा खड्डा तर बुजला ना?" गल्लीतल्या बाकीच्या खड्ड्यांचं काय, हे विचारायला साहेबांशिवाय कोणी नव्हतं, आणि साहेबांविरुद्ध अर्ज गेला होता. दिवाळीच्या सुमारास बदली आली.

निघताना बायकोने त्यांच्यापुढे हातपंपाचं पाणी ठेवलं. त्यांनी पेला उचलला. मी सवयीने नाकाकडे पाहत राहिलो. त्यांनी हुंगलं नाही, उजेडात धरलं नाही. एका दमात प्यायले, आणि पेला पुन्हा पुढे केला. आमच्या घरचं त्यांनी घेतलेलं हे पहिलंच पाणी. त्यानंतर ते कधी भेटले नाहीत.

त्या रात्री ताटात वरण आलं. दाणे अख्खे, वर पाणी तरंगतंय. शेजारून बंडूजींच्या घरच्या फोडणीचा वास येत होता. मी भात चिवडत म्हणालो, "डाळ कच्चीच राहिली बाप्पा."

बायकोने मनूच्या पानात भात वाढला. "पोरीचे डोळे ह्या पावसाळ्यात पिवळे झाले नाहीत," ती म्हणाली. "चावा."