क्रिबेजचे दोन पॉइंट
परवा एका दुकानात क्रिबेजचे पॉइंट मोजायची भोकाभोकांची लाकडी पट्टी दिसली आणि ब्रिस्टलमधले माझे म्हातारे शेजारी आठवले. विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले ते गृहस्थ रविवारी दुपारी मला हा पत्त्यांचा जुना इंग्लिश खेळ शिकवायचे. पत्त्यांची बेरीज पंधरा झाली की दोन पॉइंट, आणि स्वतःचे पॉइंट ज्याला दिसले नाहीत त्याचे समोरच्याने घ्यायचे. सुरुवातीला ते माझे खुशाल घ्यायचे. "डोळे इंडियात विसरून आलास की काय?" असं वर विचारायचे. चौथ्या हिवाळ्यात एकदा त्यांनी हातातले पत्ते मांडले आणि "काहीच नाही" म्हणाले. त्यात सत्ती होती, अठ्ठी होती. मी लगेच म्हणालो, "पंधरा. हे दोन माझे." चहा घेऊन दारात उभी असलेली त्यांची बायको मला मानेनं नको नको म्हणत होती, पण तोवर बोलून झालं होतं. त्यांनी आधी सत्तीवर, मग अठ्ठीवर बोट ठेवलं. मग तिच्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "सात आणि आठ किती गं?" ती म्हणाली, "पंधरा, डिअर." त्यांनी पत्ते गोळा केले, ते पुन्हा कधी खेळले नाहीत. आता पन्नाशी उलटल्यावर कबूल करतो, त्यांना मोजता येत नाही हे मला आधीचे दोन रविवार दिसत होतं, आणि जिंकायला मिळतंय म्हणून मी खेळत होतो.